‘बस एका जागी’ ते ‘पळ आता’: लहान मुलांना खेळतं करण्याचा क्रम

दर जूनमध्ये पुण्यातल्या आमच्या बालवाडीत नवी मुलं आली, की पंधरा दिवसांत चार-पाच पालक तरी दारात थांबून एकच तक्रार सांगतात. ‘ताई, हा खेळतच नाही हो. नुसता मोबाइल मागतो.’ खोदून विचारलं की कळतं, प्रयत्न भरपूर झालेत. सायकल आणून झाली, स्केटिंगचा क्लास लावून झाला, दर रविवारी सारसबाग झाली. चुकतो तो क्रम. जागा केलेली नसते आणि खेळ सुरू होतो. मुलाला अजून दोन्ही पायांनी धड उडी येत नाही आणि आपण लंगडी घालायला सांगतो. खेळ रंगायच्या आधी नियम येतात, आणि मूल रडकुंडीला आल्यावरच खेळ थांबतो.

म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे, दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे आहेत आणि नेमके तेच गाळले जातात. गाळू नका.

१. तीन दिवस नुसती नोंद करा

फ्रिजवर एक कागद लावा. दोन रकाने: ‘बसलं’ आणि ‘हललं’. दोन दिवस कामाचे आणि एक सुट्टीचा घ्या. या तीन दिवसांत मुलाला काहीही नवीन करायला लावू नका, नाहीतर नोंद खोटी होईल.

‘बसलं’ मध्ये काय काय येतं हे लोक विसरतात. शाळेची व्हॅन, स्कूटरवरची फेरी, बाबागाडी, मॉलमधली ट्रॉली, जेवणाची उंच खुर्ची, आजोबांची मांडी, आणि घाईच्या वेळी घेतलेली कडेवरची सवारी. टीव्ही आणि मोबाइल तर आहेतच.

आता हा कागद कशाशी ताडून बघायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मापं दिली आहेत. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी. जागेपणी सलग एका तासापेक्षा जास्त वेळ मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत अडकवून ठेवू नये. दोन ते चार वर्षांत स्क्रीन दिवसाला एक तासाच्या आत, कमी तितकी बरी. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला ती नकोच. पाच वर्षांनंतर रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी.

१८० मिनिटं ऐकून पालक डोळे विस्फारतात. पण ही सलग तीन तासांची कवायत नाही. मंडईतून पिशवीचा एक बंद धरून चालणं, जिना चढणं, गादीवर लोळणं, आजी कपडे वाळत घालत असताना एकेक चिमटा पळत नेऊन देणं, सगळं यात धरायचं. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे जोडत गेलं की बेरीज होते.

एका आईने आणलेला कागद लक्षात राहिला आहे. मुलगी पावणेचार वर्षांची, ‘दिवसभर नाचत असते’ अशी ख्याती. कागदावर हालचाल भरली सत्तर मिनिटं. आई म्हणाली, ‘ती बडबडत असते सारखी, म्हणून मला वाटलं हलतेय.’

*तपासा:* सलग एक तासाहून लांब बसणं कागदावर कुठे दिसतंय? पहिला खेळ त्याच्या लगेच नंतर घालायचा. बहुतेक घरांत ही वेळ दुपारी व्हॅनमधून उतरल्यावरची किंवा संध्याकाळी टीव्हीची असते.

२. जागा करा, आणि खालच्या मजल्यावर जाऊन या

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही जागा होते. टीपॉय भिंतीला लावा. मोठं माणूस जमिनीवर आडवं झालं आणि हात-पाय पसरले, तरी कशालाही लागत नसेल एवढी मोकळी जागा पुरते. मग गुडघ्यांवर बसून मुलाच्या उंचीवरून खोली बघा. उभ्याने न दिसलेल्या गोष्टी आता दिसतील: टीपॉयचा काचेचा कोपरा, लोंबणारी इस्त्रीची वायर, दिवाणाखालून डोकावणारा खिळा.

टीव्हीचं कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला स्क्रूने आवळलेली आहे का ते हलवून बघा. चढायला शिकणारं मूल खण ओढून पायरी करतं, आणि सगळं कपाट अंगावर येऊ शकतं.

*सावधान:* गॅलरीत स्टूल, मोडा, कुंड्यांचा स्टँड, उलटी बादली, काहीही ठेवू नका. चढायला शिकवणार असाल, तर ते गॅलरीतही चढणार हे धरून चाला. खिडकीजवळचा दिवाणसुद्धा सरकवा.

फरशीबद्दल. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून पळणारं मूल हमखास घसरतं आणि डोक्याची मागची बाजू आपटते. घरात अनवाणीच खेळू द्या, बोटांनी जमीन धरता येते. लादी पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत खेळ नाही. सतरंजीही टाइल्सवर सरकते, तिच्याखाली योगासनांची रबरी चटई घाला.

आता शेजार. वरच्या मजल्यावरचा धपधप आवाज हा सोसायटीतल्या भांडणांचा जुना विषय आहे, आणि तक्रार आली की पालक मुलालाच गप्प बसवतात. तक्रारीची वाट बघू नका. आधीच खाली जाऊन सांगा: ‘काकू, आमचा बंटी संध्याकाळी सहा ते साडेसहा उड्या मारणार आहे. तुमची काही अडचण?’ वेळ ठरवून मागितली की बहुतेक माणसं देतात. दुपारी एक ते चारची वेळ मागायची नाही, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

३. सामान घरातलंच

जुनी गादी किंवा दोन गोधड्या, लोड-तक्के, एक मजबूत चादर, दोन-तीन पाट, जुन्या मोज्यांचे गुंडाळून केलेले सहा चेंडू, प्लास्टिकचा एक मोठा हलका चेंडू, बादली, जुन्या ओढणीचे रुमालाएवढे चार तुकडे, आणि रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी. ही पट्टी लादीवर डाग न पाडता निघते. एवढ्यात सहा महिने जातात.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर गोट्या, छोटे चेंडू, सागरगोटे दूर ठेवा. फुगे वापरलेत तर फुटलेल्या फुग्याचा प्रत्येक तुकडा लगेच उचला. घशात अडकणाऱ्या वस्तूंमध्ये तो सगळ्यात वाईट.

वॉकर मात्र कोणी भेट दिला तरी माळ्यावर टाका. त्यात बसलेलं बाळ क्षणात जिन्याशी किंवा गॅसच्या ओट्याशी पोचतं, आणि त्यामुळे चालणंही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं, भार स्वतःच्या पायांवर घेतं. तो चालेल, फक्त जिन्यापासून लांब.

४. आधी तुम्ही जमिनीवर या

इथे सगळ्यात जास्त गाडी अडते. मागच्या वर्षी एका बाबांना बालवाडीत बोलावलं होतं. ते छोट्या खुर्चीत अवघडून बसले आणि मुलाला सांगू लागले, ‘चल, उडी मार. अशी नाही. पाय जुळव. नीट मार.’ मूल टेबलाखाली जाऊन बसलं. मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, फक्त अस्वल व्हा. इस्त्रीच्या पँटकडे एकदा बघून ते हातापायांवर आले आणि खोलीभर चालले. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसरीत त्यांचा श्वास लागला, ते थांबले, आणि टेबलाखालून आलेला एक हात त्यांच्या पाठीवर पडला. ‘बाबा, अस्वल असं ओरडत नाही.’ पुढची वीस मिनिटं मुलगाच अस्वल कसं चालतं ते शिकवत होता.

क्रम असा:

पहिलं, जाहीर करू नका. ‘चला, आता व्यायाम’ म्हटलं की संपलं. बेडकासारखे उकिडवे बसा आणि स्वयंपाकघराकडे उड्या मारत निघा.

दुसरं, मूल येईपर्यंत बोलावू नका. दोन-तीन मिनिटं लागतील. पहिल्या दिवशी कदाचित येणारही नाही, नुसतं बघेल. ते चालतं.

तिसरं, आलं की त्याची नक्कल करा. ते लोळलं की तुम्ही लोळा.

चौथं, मग एकच नवी गोष्ट घाला. एका वेळी एकच. ‘अस्वलाला आता नदी ओलांडायची आहे’, आणि चादर पसरा.

आजी-आजोबांना गुडघे टेकवत नसतील तर त्यांना बसल्या जागी काम द्या. नळस्टॉप चौकातला सिग्नल व्हायला आजोबांइतकं योग्य कोणी नाही, तो खेळ पुढे येतो.

*तपासा:* पाच मिनिटांत तुम्ही किती सूचना दिल्या ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर तुम्ही खेळत नाही, खेळ घेत आहात.

५. कौशल्यांचा क्रम: हा उलटा करू नका

वयं अंदाजाने दिली आहेत, दोन-चार महिने इकडे-तिकडे सहज होतं. क्रम मात्र साधारण हाच राहतो.

*पळणं आणि थांबणं (दोनच्या सुमारास).* पळणं आपोआप येतं, थांबणं शिकावं लागतं. सिग्नलचा खेळ इथे घ्या. आजोबा खुर्चीत. ‘हिरवा’ म्हटलं की पळायचं, ‘लाल’ म्हटलं की पुतळा. पहिला आठवडा हे दोनच रंग. ‘पिवळा’, म्हणजे हळू चालणं, दुसऱ्या आठवड्यात. लाल दिवा तीन-चार सेकंदांचाच ठेवा; खऱ्या नळस्टॉपसारखा लांबवला तर दोन वर्षांचं मूल कंटाळून निघून जाईल. सिग्नल तोडला तर दंड करू नका, त्यालाच पोलीस करा.

*ओढणं आणि ढकलणं (दीडपासून पुढे, कायम).* हा भाग पालकांना माहीतच नसतो, आणि चिडचिड्या, सतत धडकणाऱ्या मुलांना माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त शांत करतो तोच. चादरीवर बाहुल्या, तक्के किंवा धाकटं भावंड बसवा आणि हॉलभर ओढायला लावा. आमच्याकडे ही स्वारगेट–कोथरूड डेपो बस आहे. कंडक्टर असतो, ‘पुढे सरका’ असतं, सुट्ट्या पैशांवरून वादही होतो. चादरीवर माणूस असेल तर त्याने बसून दोन्ही कडा धरायच्या आणि बस हळू न्यायची. झटका बसला की डोकं मागे आपटतं. त्यानंतर कपड्यांची बादली ढकलणं, भाजीची अर्धी पिशवी उचलणं, पाण्याची बाटली बाबांना नेऊन देणं.

*चढणं.* गादीवर लोड, लोडावर गादी, झाला सिंहगड. दीड-दोन वर्षांच्या मुलाला आधी उतरायला शिकवा: पोटावर पालथं होऊन पाय आधी खाली. चढताना भीती वाटत नाही, वर गेल्यावर वाटते. नियम एकच, जिथे मूल स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. बागेतही.

*सावधान:* चढताना किंवा रस्ता ओलांडताना मुलाला मनगटाला धरून झटका देऊन वर ओढू नका. दोन्ही हातांना धरून गरगर फिरवणंही नको, लाडाची फुगडीसुद्धा नको. साधारण पाच वर्षांपर्यंत कोपराचं हाड या झटक्याने सहज जागचं सरकतं. तसं झालं तर मूल हात लोंबता ठेवतं आणि वापरायला तयार होत नाही. तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. सहसा काही क्षणांत बसवता येतं. उचलायचं तर काखेत हात घालून.

*उडी (अडीचच्या सुमारास).* दोन्ही पाय एकदम उचलणं हे वाटतं तितकं सोपं नाही. आधी उकिडवं बसून उठणं, मग जागच्या जागी बेडूक, मग चिकटपट्टीची रेघ ओलांडणं, मग पाटावरून खाली. लोक थेट सोफ्यावरून सुरुवात करतात. तिथे मूल ताठ गुडघ्यांनी उतरतं, टाचांवर आदळतं, आणि खालच्या काकू वर येतात.

उतरणं असं शिकवा: ‘मांजर ओट्यावरून उतरतं ना, आवाज येतो का? तसं उतर.’ आवाज न करता उतरायचं म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात आणि पाऊल पुढून टेकतं. गुडघे वाकव, असं सांगून वाकत नाहीत. दहा उड्यांपैकी आठ बिनआवाजी झाल्या की उंची वाढवा. चार वर्षांपर्यंत मुलाच्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा उंचावरून नाही, हा माझा नियम. पाटाखालीही रबरी चटई हवी, नाहीतर उडीच्या झटक्याने पाट मागे सरकतो.

*फेकणं, मग झेलणं.* फेकणं लवकर येतं. मोज्यांचे चेंडू आणि बादली, एका पावलावरून सुरुवात. तीनदा गेला की एक पाऊल मागे. झेलणं बऱ्याच उशिरा येतं; मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलायला मुलं साधारण चार वर्षांची होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या दिशेने टेनिसचा चेंडू टाकला, की ते डोळे मिटून मान वळवतं. तोंडावर दोनदा बसला की त्याला चेंडूच नको होतो, आणि क्रिकेटवेडे बाबा खट्टू होतात. त्यासाठी ते ओढणीचे तुकडे. वर उडवा, ते तरंगत, सावकाश खाली येतात, बघायला आणि पकडायला वेळ मिळतो. दोन-तीन आठवडे ओढणी, मग जमिनीवरून घरंगळणारा मोठा चेंडू, मग एकदा टप्पा पडून आलेला, आणि शेवटी थेट हवेतून.

*एका पायावर (चार-पाच).* आधी भिंतीला हात लावून बगळा होणं. मग हात सोडून तीन सेकंद. मग एक उडी. लंगडी त्यानंतर. दोन्ही पाय आलटून पालटून वापरायला लावा, नाहीतर एकच पाय हुशार होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना खडूने आखलेली ठिक्कर द्या. पार्किंगमध्ये संध्याकाळी सहाला गाड्या यायच्या आधी. हातात कागदाच्या झिरमिळ्या देऊन लेझमीचे पहिले चार ठेकेही या वयात येतात, गणपतीच्या दिवसांत तर सांगावंच लागत नाही.

६. बाहेर: बागेत काय आधी

महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. फाटकावरची वेळांची पाटी एकदा नीट वाचून फोटो काढून ठेवा. बंद फाटकासमोर रडणारं मूल घेऊन परत येणं फार जिवावर येतं. संभाजी उद्यान असो, कमला नेहरू पार्क असो की मॉडेल कॉलनीतली चित्तरंजन वाटिका, क्रम तोच.

पहिली दहा मिनिटं झोपाळ्याकडे जाऊ नका. झोपाळा म्हणजे पुन्हा बसणंच. आधी मोकळ्या जागेत पळापळ, कबुतरांमागे धावणं, झाडाला शिवून येणं. मग चढायच्या वस्तू. मग घसरगुंडी. झोपाळा शेवटी, अंग निवायला. आणि सारसबागेत असाल तर भेळ खेळून झाल्यावर. आधी खाल्लं तर पोटात दुखतं म्हणून मूल बसून राहतं, आणि खेळून झाल्यावर मात्र न कुरकुरता खातं.

घसरगुंडीवर तीन गोष्टी बघा. लोखंडी असेल तर हाताच्या मागच्या बाजूने तापली आहे का ते बघा. मार्चपासून पुढे संध्याकाळी पाचलाही ती चटका देते. गळ्यातली ओढणी, जॅकेटची दोरी, सायकलचं हेल्मेट काढून ठेवा, ते वर अडकतं. आणि मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. हे सगळे करतात. मुलाच्या बुटाचा तळ कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन येतं, आणि नडगीचं हाड मोडतं. एकट्याने घसरता येत नसेल तर अजून घसरगुंडीची वेळ आलेली नाही.

तीन-साडेतीन वर्षांनंतर टेकडी. हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी, जी जवळ असेल ती. चूक एकच होते: माथा गाठायचा हट्ट. मोठ्यांना व्यायाम हवा असतो, मूल प्रत्येक दगडाशी थांबतं, मग त्याला खांद्यावर घेतलं जातं आणि टेकडी बाबा चढतात. मुलाला पुढे चालू द्या. लक्ष्य फक्त पुढच्या झाडापर्यंतचं. मूल ‘अजून पुढे’ म्हणत असतानाच परत फिरा, कारण उतरायचं बाकी आहे. पर्वतीच्या पायऱ्यांवरही तेच. चढताना काही होत नाही, उतरताना दमलेले पाय लटपटतात. उतरताना तुम्ही मुलाच्या एक पायरी खाली राहा.

७. ऋतूप्रमाणे वेळ बदला

एप्रिल-मेमध्ये बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर. अर्ध्या तासाने पाणी तुम्हीच द्या, मुलं मागत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत उलटं: सकाळी सातला कुडकुडत नेण्यापेक्षा दहाचं कोवळं ऊन गाठा.

पावसाळ्यात चार महिने घरात कोंडू नका. गमबूट, रेनकोट, आणि सोसायटीच्या आवारातलं उथळ, स्वच्छ डबकं. त्यात पंधरा मिनिटं धपाधप उड्या म्हणजे वर सांगितलेल्या जोरकस हालचालीचा चांगला हप्ता. विजेचा खांब, डीपी, लोंबणारी वायर यांच्या जवळचं पाणी, आणि तळ दिसत नाही असं कुठलंही पाणी, वर्ज्य. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त, म्हणजे नेमका खेळायच्या वेळी. पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला. पावसाळ्यात टेकडीवरचा मुरूम निसरडा होतो, तिकडे लहानांना नेऊ नका.

८. थांबवायचं कसं

मूल थकून रडायला लागल्यावर थांबवलंत, तर त्याच्या लेखी खेळाचा शेवट म्हणजे रडणं. खेळ रंगात असतानाच थांबवा. ‘चला, बास’ असं एकदम नाही. ‘अजून तीन उड्या आणि अस्वल गुहेत’ असं. मोजून तीन. चौथी दिली की उद्या तीनचे दहा होतात.

मग दोन-तीन मिनिटं उतार: कासव होऊन बाथरूमपर्यंत जाणं, पालथं झोपून आजीने पाठीवर चपातीचं पीठ मळणं. झोपायच्या आधीच्या तासात पकडापकडी नको. साडेनऊला ऑफिसमधून आलेले बाबा मुलाला हवेत उडवतात आणि मग अकरापर्यंत झोप येत नाही, ही तक्रार माझ्याकडे आईकडून येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. तेव्हा बाबांना सकाळची शाळेआधीची पंधरा मिनिटं द्या.

९. सगळं केलं आणि तरी अडलं, तर

आधी बघा, ‘आउट’ होण्याचे खेळ तर घेत नाही ना? संगीत खुर्चीत सगळ्यात आधी बाद होतं ते ढिलं, हळू मूल, आणि मग सगळा वेळ तेच भिंतीशी बसून राहतं. ज्याला हालचाल सगळ्यात जास्त हवी त्यालाच आपण बसवतो. वाढदिवसाला हमखास हेच होतं. खुर्ची काढा, मुलाला काढू नका. शेवटी एका गादीवर सगळ्यांनी मावायचं. विषामृत चांगलं, कारण विष लागलेल्याला दुसरा अमृत देऊन सोडवतो. डोंगर-पाणीही चांगलं, पायऱ्या आणि ओटे असलेल्या जुन्या सोसायटीत तर फारच.

दुसरं, घरात दिवसातून किती वेळा ‘पडशील!’ ऐकू येतं? त्यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही, फक्त घाबरायचं ते कळतं. त्याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवणार?’, ‘त्या दांड्याला घट्ट धर’ असं कामाचं बोला. आजीला हे सांगताना जपून. मी स्वतः अजून चुकते.

तिसरं, चॉकलेटचं आमिष. उडीला चॉकलेट लावलं की चॉकलेटशिवाय उडी नाही. शेजारच्या मुलाशी तुलनेचंही तेच.

चौथं, मॉलमधली मोठी ट्रॅम्पोलिन. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे नेऊ नये असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, आणि मोठ्या मुलांबरोबर एकाच जाळीवर तर मुळीच नाही.

काही गोष्टी मात्र खेळाच्या नाहीत, डॉक्टरांच्या आहेत. दीड वर्ष होऊनही आधाराशिवाय चालत नाही. आधी येत असलेलं चढणं-पळणं आता येत नाही. शरीराची एकच बाजू वापरतं. दोन वर्षं उलटली तरी सतत चवड्यांवरच चालतं. थोडं पळालं की खोकला किंवा शीळ घातल्यासारखा श्वास. लंगडतं आहे आणि पडल्याचं आठवत नाही. यातलं एक जरी दिसलं तर ‘हळूहळू होईल’ म्हणत थांबू नका. जाताना तो फ्रिजवरचा कागद बरोबर न्या, डॉक्टर विचारतील त्यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यावर असतात.

बाकीच्यांनी महिन्याने तीन दिवसांची नोंद पुन्हा करावी आणि नवा कागद जुन्याशेजारी लावावा. ‘हललं’ चा रकाना अर्ध्या तासाने वाढला असेल, तर पाचव्या टप्प्यातलं पुढचं कौशल्य घ्या. तेवढाच राहिला असेल तर पुढे जाऊ नका. टीपॉय पुन्हा हॉलच्या मधोमध आलेलं असणार, आधी ते बघा.